तांड्याचं एकमत

पळसदरी तांडा, ता. कळमनुरी
३ डिसेंबर १९७४

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

जवळा बाजारच्या दवाखान्यातून तुला पत्र लिहायला सवड मिळत नाही हे मला ठाऊक आहे. पण या वेळी वेळ काढ, कारण इथे मोठी गोष्ट घडली आहे. आमचा तांडा उठणार. आहे त्या जागेवरून उठून दोन मैलांवर, नांदेड सडकेच्या कडेला जाणार.

झालं असं, की तहसिलीतून एक साहेब आले. सडकेला लागून सरकार घरांसाठी जागा आखून देणार म्हणाले. मात्र एक अट. सगळा तांडा जाणार असेल तरच. चार घरं गेली न् बाकीची राहिली, असं चालणार नाही. जानेवारीअखेर काय ते लेखी कळवा.

त्याच संध्याकाळी नाईकांच्या दारात बैठक झाली. नाईक म्हणजे हिरासिंग, तांड्याचा प्रमुख. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस कर्ते. मला वाटलं आता दोन दिवस वाद चालेल. अगं, एक चिलीम फिरून परत नाईकांच्या हातात येईपर्यंत सगळं संपलं! "जाऊ", "जाऊ", "समदे जाऊन राहिले तं आमी बी." एकानंही नाही म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, असं एकमत आपल्या घरात भाजी कोणती करायची यावरसुद्धा होत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. तुला माहीत आहे, इथे मी शिकवतो कमी आणि लोकांची पत्रं जास्त लिहितो. बैठकीनंतरच्या चार दिवसांत सात जण पत्र लिहून घ्यायला आले. कुणाचा मुलगा पल्टणीत, कुणाचा भाऊ नांदेडच्या मिलमध्ये. आणि सातही जणांनी मला एकच वाक्य सांगितलं. शब्द थोडे मागेपुढे. "तांडा सडकेवर जाऊन राहिला. माझं मन न्हाई, पण समद्यायचं मन हाय, मी एकटा कसा आडवा येऊ?"

सातव्याच्या वेळी माझ्या हातातला टाक थांबला. त्यानं विचारलं, "काहून थांबले गुरुजी?" मी म्हटलं, शाई वाळली.

नावं तुलाही लिहीत नाही. लोक माझ्यापुढे मन मोकळं करतात ते मी कुणाला सांगणार नाही या भरवशावर. पण मग मी करू तरी काय? सात घरं रडत निघालीत, आणि प्रत्येकाला वाटतंय की बाकी चाळीस हसत निघालीत.

तुझा,
रामजी


जवळा बाजार
१२ डिसेंबर १९७४

चि. रामजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मला तुझा रागच आला. जाऊ दे त्यांना सडकेवर! गेल्या आठवड्यात एका तांड्यावरून एका बाईला बैलगाडीत घालून आणलं. पाच तास गाडी चालली. मूल आडवं आलेलं. आई वाचली, लेकरूही वाचलं, पण डॉक्टरांच्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. सडक जवळ असती तर ती बाई तासाभरात आली असती. तुझ्या सात जणांचं मन नाही म्हणे. त्यांना बाळंत व्हायचं नाही ना.

आता मला एक सांग. पत्र लिहून घ्यायला तुझ्याकडे येतं कोण? बाप्ये. त्यातही ज्यांचं कुणी बाहेरगावी आहे ते बाप्ये. एकतरी बाई तुझ्यापुढे बसून "लिवा गुरुजी, माझं मन असं हाय" म्हणाली का? बैठकीतही एक्केचाळीस कर्तेच होते. म्हणजे तू निम्म्या तांड्याचंही ऐकलेलं नाहीस, आणि तांड्याच्या मनातलं मला ठाऊक आहे असं लिहितोस. मी खात्रीनं सांगते, बायकांना विचारशील तर सगळ्या गाठोडं बांधून तयार असतील.

आणखी एक. तू लिहिलंस तो काय म्हणाला, हा काय म्हणाला. बैठकीत तू पण होतास. तू काय म्हणालास ते पत्रात कुठे दिसलं नाही.

तुझी,
सोजराक्का


पळसदरी तांडा
२० डिसेंबर १९७४

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

लहानपणीही मी गुळाचा खडा खाल्ला की तू आधी माझे हात बघायचीस. लपत नाही तुझ्यापासून काही.

बैठकीत हिरासिंग नाईकांनी सगळ्यांत आधी मलाच विचारलं. चिलीम पेटवली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी शिकले-सवरलेले. तुमाला काय वाटतं?" त्यांनी दुपारी त्या साहेबांना खाट टाकून दिली होती, दोनदा चहा पाजला होता. मला वाटलं, नाईकांनी मनात ठरवलेलंच आहे. आता आपण परगावचा मास्तर, त्यात आपल्या समाजाचा, दीड वर्षापूर्वी इथे आलेला. यांनी मला आपल्यातला मानलं, घरातल्या माणसासारखं जेवू घातलं. त्यांच्या मनाविरुद्ध मी कशाला बोलू? मी म्हटलं, "चांगलंच आहे की, नाईक."

खरं सांगू? मला ते चांगलं वाटत नव्हतं. मला ही शाळा आवडते. पळसाखाली पोरं बसतात, समोर उतारावर त्यांचीच गुरं चरतात. सडकेवर ट्रक धावतात, तिथे पहिलीच्या पोरांना मी कसा सांभाळू? पण हे मी बोललो नाही. माझ्यानंतर नाईकांच्या उजव्या हाताला बसलेला थावरा म्हणाला, "गुरुजी म्हणतात तं बराबरच असंल." मग त्याच्या शेजारचा म्हणाला. मग पुढचा. बैठक संपल्यावर मला कौतुक वाटलं त्या एकमताचं. ते माझ्याच तोंडून निघालं होतं हे सातवं पत्र लिहिताना कळलं.

बायकांचं तू म्हणतेस ते खरं आहे. मी कधी विचारलं नाही. परवा पाणवठ्यावर रूपाबाई भेटल्या. पन्नाशीच्या, तांड्यातल्या निम्म्या लेकरांची नाळ त्यांच्याच हातानं कापलेली. मी विचारलं, "रूपाबाई, सडकेवर जायचं तर तुम्हाला कसं वाटतं?" त्यांनी घागर विसळली. म्हणाल्या, "समदं ठरून गेल्यावर इचारून राहिले व्हय गुरुजी?" आणि घागर डोक्यावर घेऊन चालत्या झाल्या.

अक्का, तू ये. नाताळाची सुट्टी आहे. बायका तुझ्याशी बोलतील, माझ्याशी नाही.

तुझा,
रामजी


जवळा बाजार
२५ डिसेंबर १९७४

चि. रामजीस आशीर्वाद.

चार दिवसांची रजा मिळाली. एकोणतीसला कळमनुरीला उतरेन, न्यायला ये. येताना सुईदोऱ्याची रिळं आणते, तांड्यातल्या बायांना भरतकामाला उपयोगी पडतील.

तुझं पत्र वाचून आमचं औरंगाबादचं नर्सिंगचं होस्टेल आठवलं. दर सोमवारी रात्री पातळ खिचडी. दोन वर्षं चोवीस मुली मुकाट्यानं खात होतो. प्रत्येकीला वाटायचं बाकीच्या तेवीस जणींना आवडते, आपण एकटीनं तोंड कसं वाकडं करायचं. एकदा मेट्रननं मडकं ठेवलं. खिचडी हवी असेल तर हरभरा टाका, नको असेल तर चिंचोका. कोण काय टाकतं कुणी बघायचं नाही. मडकं उपडं केलं तर बावीस चिंचोके! मेट्रन कपाळावर हात मारून म्हणाली, मलाही आवडत नव्हती गं, तुमच्यासाठी करायला लावत होते.

तांड्यात असं मडकं ठेवायला नाईक तयार होतील का बघ. मात्र बायकांनीही टाकायचं. मग कळेल तुझं खरं की माझं.

तुझी,
सोजराक्का


जवळा बाजार
५ जानेवारी १९७५

चि. रामजीस आशीर्वाद.

सुखरूप पोचले. बसमध्ये रूपाबाईंनी दिलेली ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. शेजारच्या माणसाचे डोळे नुसत्या वासानं पाणावले.

तिथे असताना त्या दुपारी तुम्हा सगळ्या पुरुषांना रूपाबाईंनी अंगणातून हुसकून लावलं. नंतर तू तीनदा विचारलंस काय बोलणं झालं म्हणून, आणि मी सांगितलं नाही. कारण मला आधी माझाच विचार करायचा होता. आता लिहिते.

रामजी, मी चुकले होते.

मी त्या बाईची गोष्ट सांगितली, बैलगाडीतली. सगळ्या बायका जवळ सरकल्या. त्यांच्यातल्या दोघी वाटेतच गेल्या आहेत अशा. मला वाटलं, झालं, आता म्हणतील चला सडकेवर. तर नाईकांची बायको भिकाबाई म्हणाली, तिथं शेळ्या कुठं बांधायच्या? ट्रकखाली? दुसरी म्हणाली, सडकेच्या कडेला दारूचं दुकान आहे, माझा माणूस आत्ता दोन मैल जायला कंटाळतो म्हणून शुद्धीवर असतो. यावर सगळ्या इतक्या हसल्या की तुम्हाला बाहेर ऐकू आलं असेल. तिसरीला उघड्यावर आंघोळीची चिंता. एका सुनेला मात्र जायचं होतं. तिचं माहेर त्याच सडकेवर आहे, आणि ती ते सासूसमोर बोलली. मला तिचं कौतुक वाटलं.

शेवटी रूपाबाई म्हणाल्या, "बाई, आमाला सडक पायजे. सडकेवर राहणं न्हाई पायजे."

 इतके दिवस मी आणि तू भांडत होतो की जायचं का राहायचं. ही तिसरी गोष्ट आपल्या दोघांनाही सुचली नाही. साहेबानं दोनच गोष्टी विचारल्या, म्हणून सगळ्यांनी दोन्हीतलीच एक निवडली.

मडक्याचं नाईकांशी बोल. ती तुझीच जबाबदारी आहे. पहिलं "चांगलंच आहे की" तुझं होतं.

तुझी,
सोजराक्का


पळसदरी तांडा
१९ जानेवारी १९७५

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

झालं एकदाचं! सगळं सविस्तर लिहितो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी नाईकांकडे गेलो. म्हटलं, "नाईक, बैठकीत मी खोटं बोललो. मला हे चांगलं वाटत नाही. तुमच्या मनात आहे असं वाटलं म्हणून तसं म्हणालो." त्यांनी चिलीम खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला. मी लोकांच्या पत्रांबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त तुझ्या होस्टेलच्या खिचडीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मडकं ठेवा."

काल सकाळी शाळेच्या खोलीत मडकं ठेवलं, तोंडाला फडकं बांधून मधे हात जाईल एवढं भोक. शेजारी दोनच टोपल्या; तू लिहिलेली रूपाबाईंची तिसरी गोष्ट साहेबांनी विचारली नव्हती म्हणून मी सोडून दिली. जायचं तर ज्वारी, राहायचं तर उडीद. एकेकानं आत जायचं, एक दाणा टाकायचा, मागच्या दारानं बाहेर पडायचं.

आधी बायकांवरून तंटा. एक म्हातारा म्हणाला, "बायकायचं काय काम? कर्ता टाकतो तेच घराचं." नाईक म्हणाले, "घर बांधायचं झालं तं माती कोण तुडवतं? मंग दाणा टाकायला काहून नको?" म्हातारा पुटपुटत बसला.

रांग लागली आणि पहिल्याच रूपाबाई. टोपल्यांकडे बघितलं आणि दारातच उभ्या राहिल्या. "दोनच काहून?" मी म्हटलं, "जायचं किंवा राहायचं." "आन् राहून सडक इकडं आणायची असंल तं?" रांगेत कुजबुज. खेमा, तुला आठवत असेल, रोज डोक्यावर दूध घेऊन कळमनुरीला चालत जाणारा तरणा गडी, तो ओरडला, "सडक काय दावणीचं वासरू हाय व्हय, वढून आणायला?" रूपाबाई म्हणाल्या, "दोन मैलच हाय. दुष्काळात सरकारच्या सडकेची खडी आमीच फोडली. आमच्या सडकेची फोडता यायची न्हाई?" आणि घरी जाऊन पदरात तूर घेऊन आल्या. तिसरी टोपली ठेवली.

एकशे आठ माणसांनी दाणे टाकले. मीही टाकायला निघालो तर थावरा म्हणाला, "तुमी न्हाई गुरुजी. तुमची बदली व्हते. आमची न्हाई व्हत." बरोबर बोलला. मी मुकाट्यानं बाजूला झालो.

मडकं घोंगडीवर उपडं केलं. तूर एक्केचाळीस. उडीद अडतीस. ज्वारी एकोणतीस.

 अक्का, मला वाटलं होतं कुणालाच जायचं नाही. एकोणतीस जणांना खरोखर जायचं होतं. ते माझ्याकडे पत्र लिहायला आले नव्हते, एवढंच. तुला वाटलं होतं बायका सगळ्या जातील. तेही नाही. आणि ज्या तांड्यानं एका चिलमीत "जाऊ" म्हटलं, त्याच तांड्यात "जाऊ" सगळ्यांत कमी.

पण आता करायचं काय? तूरवाले म्हणाले, आमची जास्त. उडीदवाले म्हणाले, जास्त कसली, तुमच्या बाजूचे एक्केचाळीस न् तुमच्या विरुद्ध सदुसष्ट! हेही खरं. नाईक डोकं धरून बसले. दुपार झाली. कुणी जेवायला उठेना.

तेव्हा खेमाच उभा राहिला. म्हणाला, "मी सांगतो, मी ज्वारी टाकली. लपवायचं काय त्यात? मला मोटार पायजे, दूध नासतं. आता ज्वारी तं हारली. पण मला इचाराल, का राहायचंच हाय तं कसं राहायचं, तं मी म्हणीन सडक आणून राहायचं." नाईक उठून बसले. "मंग ज्वारी काढून घ्या. पुन्हा टाका. उडीद का तूर."

पुन्हा रांग. तूर सहासष्ट, उडीद बेचाळीस.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थावरा उठून सडकेच्या दिशेनं बघत म्हणाला, "माझ्या शेतातून जाईल ती. म्या काय टाकलं ते सांगत न्हाई." आणि मग सगळे हसले. भिकाबाईंनी टोपलीत उरलेली तूर घरी नेली. रात्री तिचं वरण केलं असावं.

तुझा,
रामजी


जवळा बाजार
२ फेब्रुवारी १९७५

चि. रामजीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, दवाखान्याच्या सुट्ट्यांच्या पाळ्याही अशाच लावू. मी म्हटलं, नको, रविवारचं काम तुमच्याच गळ्यात पडायचं.

खेमाला माझा जयभीम सांग. हरल्यावर भर बैठकीत आपला दाणा सांगायला हिंमत लागते.

पण माझ्या मनात दोन शंका आहेत. त्या तहसिलीच्या साहेबांना काय कळवलंत? त्यांनी जा किंवा राहा एवढंच विचारलं होतं. आणि दुसरं, त्या बेचाळीस जणांचं काय? उडीद टाकणारे आता सडकेच्या कामावर येतील का? का म्हणतील, ज्यांनी तूर टाकली त्यांनी फोडा खडी? तसं झालं तर सहासष्ट असोत की शंभर, सडक अर्ध्यावर राहील.

लगेच लिही.

तुझी,
सोजराक्का


पळसदरी तांडा
२० एप्रिल १९७५

सोजराबाईस हिरासिंग नाईकाचा रामराम.

बाई, गुरुजीला तुमी दोन महिन्यामाघं इचारलं, त्यायनं जवाब लिवला न्हाई. हात फुटले व्हते खडीनं. आता फोड बसले. मी म्हणलं, या बारीला मी सांगतो, तुमी लिवा. तं मी बोलून राहिलो तसंच ते लिवून राहिले.

साहेबाचं पैलं सांगतो. गुरुजीनं अर्ज लिवला, त्याच्याखाली एकशे आठ अंगठे. मी सोता घेऊन गेलो. साहेब म्हणाले, फारमात दोनच खाने हायेत, हो न् न्हाई, हे तिसरं कुठं लिवू? मी म्हणलं, माघल्या बाजूला लिवा, तिथं कोरं हाय. ते चिडले, मंग हसले. सडकेवरची जागा दुसऱ्या गावाला गेली. वाटंतल्या नाल्यावर टाकायला पाइप देतो म्हणाले, आजून आले न्हाईत. मी दर बाजाराला जाऊन त्यायच्या दारात बसून राहिलो.

सडक नाल्यापस्तोर आली. दीड मैल. घरामाघं रोजचं वावभर-दोन वाव, म्हंजे दोन्ही हात पसरून मोजलं तेवढं, वाटून दिलं. उडीदवाले आले का म्हून तुमी इचारलं. पैल्या दिवशी न्हाई आले. बेचाळीस कोण हे कोणाला माहीत न्हाई, पण कामावर किती आले ते दिसतं. निम्मे बी न्हाई. मंग मी टिकाव घेतला न् थावराच्या बांधापासून खणाया लागलो. दुपारपस्तोर एकट्यानंच खणलं. थावरा आला, म्हणला, नाईक, तुमी तूर टाकली म्हून तुमाला हुरूप हाय. मी म्हणलं, थावरा, मी उडीद टाकला. दोन्ही बारीला.

बाई, गुरुजीचं लिवणं थांबलं. त्यायला बी आजच समजलं. लिवा गुरुजी, लिवा.

मी याच जागी जलमलो. मला कुठं जायचं न्हाई, न् सडक बी न्हाई पायजे. त्या पैल्या बैठकीत मी गुरुजीला आधी काहून इचारलं? माझ्या मनात, हे शिकलेले हायेत, हे "नको" म्हणतील, मंग मला बी म्हणाया येईल. तं हे म्हणाले, चांगलंच हाय की! मंग समदा तांडा चांगलं म्हणला. मी नाईक असून माझ्या मनासारखं बोलणारा एक माणूस मला भेटला न्हाई. घरी येऊन भिकाबाईशी बी बोललो न्हाई. ती म्हणती, मी बी तुमच्याशी बोलले न्हाई, तुमाला जायचं हाय वाटलं.

मी थावराला म्हणलं, आपण हारलो. पण जितले ते समोर बसून जितले, दाणे मोजून जितले. आपण काय टाकलं त्ये मोजलं गेलं. आता खण. तो खाली बसला, तंबाखू मळली, मला दिली, न् टिकाव घेतला. दुसऱ्या दिवशी समदे आले.

आता तांड्यात काय झालं हाय, बाई, का कोणी बी मला "व्हय नाईक" म्हणून सोडत न्हाई. खेमा म्हणतो, सडक रुंद पायजे, मोटार वळाया. रूपाबाई म्हणती, कडंनं लिंबं लावा. सूनबाया म्हणत्या, लिंबं न्हाई, आंबे लावा. ज्यायच्या तोंडचा आवाज माहीत नव्हता ते पोरं मला म्हणून राहिले, नाईक, तुमचं चुकतं. भिकाबाई म्हणती, तुमची नाईकी गेली. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे, आता कुठं मला तांड्यात करमाया लागलं.

तुमी पावसाआधी या. मोटारीनं नाल्यापस्तोर, पुढं मी गाडी धाडतो.

लई सांगायचं व्हतं, पण थावरा दारात उभा हाय. नाल्याच्या अल्याड त्याच्या शेतापाशी आता सडकेला वळण द्यायचं का सरळ न्यायची, त्याच्यावरून भांडाया आला हाय. आवाज चढला त्याचा. गुरुजी, लिवणं बंद करा, पैलं त्याला बसाया घोंगडी टाका.

हिरासिंग नाईक, निशाणी अंगठा